पाटावरचा सव्वा तास

पलटण पहाडात गेली तेव्हा मी लान्स नाईक होतो. आमच्या पोस्टची उंची साडेअकरा हजार फूट. चार्ली कंपनीचे चार बंकर, एक कुकहाउस, आणि कुकहाउसच्या मागे पत्र्याची एक खोली. ती खोली म्हणजे एमआय रूम, आमचा दवाखाना. डॉक्टर, म्हणजे एमओ, कॅप्टन साहेब, खाली बटालियन हेडक्वार्टरला असत. वर मी एकटा. पायदळातल्याच एखाद्या जवानाला कोर्स करवून नर्सिंग असिस्टंट बनवतात, तसं मला बनवलं होतं. पट्टी, इंजेक्शन, सलाइन, आणि कोणाला उपचारासाठी खाली पाठवायचं याची शिफारस, एवढं माझं काम.

रोज सकाळी सहाला सिक परेड. ज्याला काही होत असेल त्याने यायचं. मी रजिस्टरमध्ये नंबर, रँक, नाव आणि तक्रार लिहायची. तुम्ही सिव्हिलियन लोक शिंक आली तरी दहा जणांना सांगता. आमच्याकडे उलटं. सिक परेडला वारंवार दिसणाऱ्याला कामचोर म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. शिवाय मेडिकल कॅटेगरीची भीती. सांध्याचा मोठा दोष नोंदवला गेला की कॅटेगरी खाली येते आणि बढती अडते. म्हणून माझ्या रजिस्टरमध्ये खोकला असे, जुलाब असत, दातदुखी असे. पंचवीस किलो पाठीवर घेऊन उतरणाऱ्यांचे गुडघे दुखणारच, पण ते रजिस्टर वाचणाऱ्याला वाटलं असतं की चार्ली कंपनीला गुडघेच नाहीत.

दुसऱ्या सेक्शनचा कमांडर होता नाईक वामन ढोमणे. रायपूरच्या गुढियारीचा. त्याचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. मी रायपूरच्याच तात्यापाऱ्यातला. अख्ख्या कंपनीत आम्ही दोघंच असे, की मराठी बोलायला लागलो की पुण्या-साताऱ्याचे जवान हसत. वामनला त्याचं काही नव्हतं. "हासा," म्हणायचा, "तुमची मराठी कोटातली, आमची बनियनमधली. बनियन अंगाले जास्त लागून राहते." त्याची मुलगी स्वाती तेव्हा दुसरीत होती. तिची पत्रं हिंदीत येत आणि तो ती मला वाचून दाखवी, जणू ऑर्डर ऑफ द डे, दिवसाचा हुकूम.

दर दोन दिवसांनी लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जायची. आमच्या पोस्टवरून नऊ जण निघत, शेजारच्या पोस्टचे नऊ जण अर्ध्या वाटेवर भेटत आणि दोन्ही तुकड्या परतत. त्या दिवशी वामनचं पेट्रोल साडेपाचला निघालं. एक वाजून वीस मिनिटांनी मी रेडिओ ऑपरेटरजवळ चहा पीत होतो. टायगर म्हणजे आमची पोस्ट, अल्फा टू म्हणजे वामनचं पेट्रोल.

"टायगर, अल्फा टू. पेट्रोल एक घंटा लेट आएगा. ओव्हर."

"अल्फा टू, लेट क्यों? ओव्हर."

"एक जवान का पैर मुड गया है. ओव्हर."

"कॅज्युअल्टी है क्या? स्ट्रेचर भेजें? ओव्हर."

"निगेटिव्ह. चल सकता है. आउट."

आवाज वामनचा होता. पाय मुरगळलेला जवानही तोच होता, एवढंच त्याने सांगितलं नाही.

ते चार वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. नाला ओलांडताना वामनचं डावं पाऊल दोन दगडांत अडकलं, अंग वळलं आणि गुडघा वळला नाही. मी पँट वर केली तेव्हा सुजेत गुडघ्याची वाटी दिसत नव्हती.

"देशकर, हे लिवू नको."

"वामन, आतली गादी फाटली असेल. खाली पाठवतो. तीन हप्ते रेस्ट, मग एमओ साहेब पाहतील."

"अन् कॅडर?"

हवालदार होण्यासाठी जो कोर्स करावा लागतो तो कॅडर. तो पंचवीस दिवसांवर आला होता.

"या वेळेस सुटला त मी नाईकच रिटायर होतो. तू एक गोळी दे. बाकी मी पाहून घेतो."

मी रजिस्टर बंद केलं. वेदनाशामक गोळी दिवसातून दोनदा, वर क्रेप बँडेज. पाच दिवसांनी तो पुन्हा पेट्रोलवर होता. कॅडरच्या धावण्याच्या चाचणीत तो चौथा आला. हवालदाराची फीत लावल्यावर सगळ्यांसमोर त्याने मला मिठी मारली, आणि देशकरने वामनची नोकरी वाचवली असं कंपनीत जो तो म्हणू लागला. मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती.

गुडघ्यात काय होतं ते इथेच सांगतो. दोन हाडांच्या मध्ये गादी असते आणि हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा. गादी फाटली की कूर्चेवर भार वाढतो आणि ती झिजू लागते. कूर्चेला स्वतःला वेदना कळत नाही. दुखायला लागतं तेव्हा आजूबाजूचं सगळं सुजलेलं, ताणलेलं असतं. ते दुखणं म्हणजे संत्री, पहाऱ्यावरचा जवान. तो ओरडून सांगतो की इकडून कोणी आत घुसतंय. मी गोळी देऊन त्या संत्रीच्या तोंडावर हात ठेवला. सूज उतरेपर्यंत, चार-पाच दिवसांसाठी, गोळी हे औषधच आहे. आम्ही तिला रेशन बनवलं.

त्यानंतरची नऊ वर्षं वामनने त्या पायावर काढली. वाळवंट, पुन्हा पहाड, पुन्हा मैदान. तो नायब सुभेदार झाला, मी हवालदार. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणायचो, एकटे असलो की वामन. त्याच्या बुटाच्या डब्यात गोळ्यांची पट्टी कायम असायची आणि ती संपायच्या आत मी दुसरी पोहोचवायचो. आम्ही दोघंही पाठोपाठ रिटायर होऊन घरी आलो.

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिकडे पाहावं तिकडे रस्ते खोदलेले, नवी ऑफिसं, नवे बंगले, आणि प्रत्येक गेटवर उभा करायला माजी फौजी हवा. वामन बीरगांवच्या पलीकडे एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झाला. बारा तासांची ड्युटी. बसायला स्टूल होतं, तो बसत नसे. सुपरवायझर बसला की गार्ड झोपतात, हे त्याचं म्हणणं. मी एका खाजगी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये लागलो, आणि रविवारी सकाळी मराठी समाजाच्या हॉलमध्ये गुडघेवाल्यांना व्यायाम शिकवू लागलो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचं, खाली ठेवायचा. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. वामन एकदा येऊन दारातून पाहून गेला.

"हे बुढ्ढ्यायचं पीटी हाय बे," म्हणाला. "तू चालू ठेव. मले फक्त गोळी देत जा."

आणि मी देत गेलो. ज्या हॉलमध्ये इतरांना सांगत होतो की गोळ्यांवर जगू नका, त्याच हॉलच्या बाहेर स्कूटरवर बसून मी त्याला पट्टी देत होतो. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

मग घरी आल्यावर पाचव्या वर्षी त्याच्या डाव्या पायाने बाहेर वाक घेतला. मी त्याला जवळजवळ ओढत हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, हाडावर हाड घासतंय, सांधा बदलावा लागेल. माजी सैनिकांच्या क्लिनिकमधून मंजुरीचा कागदही आला. वामनने तो घडी करून खिशात ठेवला.

"स्वातीचं लग्न झालं का दुसऱ्या दिवशी ॲडमिट होतो. तुही कसम."

लग्नाला पंधरा दिवस होते. खरेदीसाठी आम्ही सदर बाजारात गेलो. भर दुपार, दुचाकींची गर्दी, आणि कपड्याच्या दुकानाची तीन पायऱ्यांची चढण. तिसऱ्या पायरीवर वामन बसला. चेहरा पांढरा, कपाळावर घाम.

"काय होऊन राहिलं?"

"पोटात जळजळ होते जराशी. ते सोड. देशकर, कन्यादानाले पाटावर बसा लागते. मांडी घालून. भटजीले विचारलं मी, सव्वा तासाचं काम हाय."

"तुझा गुडघा तेवढा वाकतच नाही."

"म्हणून तं तुले सांगून राहिलो. माह्या बापानं माह्या बहिणीचं कन्यादान पाटावर बसून केलं. पोरीले फौजेपाई मी दिसलोच नाही कधी. आता एक सव्वा तास तिच्याजवळ नीट बसतो. तू जमवून दे."

जळजळ हा शब्द ऐकून मी सावध व्हायला हवं होतं, आणि झालोही. या गोळ्या जठराचं अस्तर खातात. आत रक्त झिरपू लागलं की शौच डांबरासारखं काळं होतं. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं.

"वामन, सकाळी काळं होते काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "निगेटिव्ह."

रेडिओवर तो हा शब्द कसा वापरतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी मी तो मानून घेतला. मला मानायचा होता. सव्वा तास कसा काढायचा हा टास्क आमच्यासमोर होता, आणि टास्क मिळाला की तो पूर्ण करायचा एवढंच आम्हाला येत होतं. मी गोळ्या दुप्पट केल्या, सोबत आठ दिवस स्टिरॉइड दिलं, ॲसिडिटीचं औषध दिलं. वामन रोज संध्याकाळी घरात पाटावर बसायची प्रॅक्टिस करी. पहिल्या दिवशी चार मिनिटं. शेवटच्या दिवशी चाळीस.

लग्न गुढियारीतल्याच एका हॉलमध्ये होतं. सकाळी सव्वादहाला, सामानाच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला मी त्याला इंजेक्शन दिलं. दहा वाजून पन्नास मिनिटांनी तो सुमनवहिनींच्या शेजारी पाटावर बसला. त्याने आधी उजवा पाय घेतला, मग दोन्ही हातांनी डावा. मी त्याच्या मागे बसून घड्याळ पाहत होतो. अकरा वीस. अकरा चाळीस. त्याची पाठ ताठ होती आणि उपरणं घामाने पाठीला चिकटलं होतं. स्वातीचा हात त्याने हातात घेतला. तो त्या वेळी इतका सुखी दिसत होता की मलाही भरून आलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी उठायचं होतं. त्याला उठता येईना. मी आणि त्याच्या मेहुण्याने काखेत हात घालून त्याला उभं केलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायका म्हणाल्या, बापाचं काळीज आहे. निम्मं पाणी गुडघ्याचं होतं, हे मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, लवकर या. यायले उलटी झाली. कॉफीच्या रंगाची. आंग थंडं पडून राहिलं."

दहा वाजता मी पोहोचलो. नाडी एकशे तीसवर, बोटाला जेमतेम लागत होती. मी वहिनींना विचारलं, शौचाचा रंग कसा आहे. त्या म्हणाल्या, "वीस दिवस झाले, काळंच हाय म्हणत होते. तुमाले सांगितलं म्हणाले. देशकर म्हणते काही होत नाही, असं म्हणाले." मी उठून ऑटो बोलावला.

रेल्वे फाटकापुढे रस्ता खोदलेला होता. ऑटो हलत नव्हता. वामनचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"देशकर."

"बोल."

"बसलो ना मी? पूर्ण?"

"पूर्ण बसला. एक तास पंधरा मिनिटं."

"हव," म्हणाला आणि डोळे मिटले.

दहा पन्नासला दवाखाना. दुर्बीण घातली, जठरात मोठा व्रण होता आणि त्यातली रक्तवाहिनी फुटली होती. मी पलटणीतल्या ओळखीच्या माणसांना फोन लावले. पाच माजी सैनिक रक्त द्यायला आले, एक जण थेट गेटवरच्या ड्युटीवरून, युनिफॉर्ममध्ये. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावरून मान वर केली.

"पेनकिलर कब से चल रहा था?"

"चौदह साल, सर."

"किसने लिखा?"

"लिखा किसी ने नहीं. मैंने दिया."

ते तसं कागदावर लिहून पुन्हा आत गेले. पाच बाटल्या चढल्या. दुपारी चार वाजून पंधरा मिनिटांनी वामन गेला. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तुम्ही होते ना संग, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही होते म्हणून त मी बेफिकीर होती."

तेराव्याला स्वाती माहेरी आली होती. मराठी तिला सगळं कळतं, बोलते हिंदी. लोक उठून गेल्यावर ती पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोर आली.

"काका, एक बात पूछूँ? मेरी सास ने शादी के दो दिन पहले पापा को फोन किया था. बोलीं कि घुटने में तकलीफ है तो कुर्सी पर बैठकर कर लीजिए कन्यादान, हमें कोई ऐतराज नहीं. उन्होंने दो कुर्सियाँ रखवाई भी थीं, मंडप के पीछे. पापा ने आपको नहीं बताया?"

"नाही," मी म्हणालो.

"मुझे तो बस पापा चाहिए थे," ती म्हणाली. "कुर्सी पर, पाट पर, कहीं भी."

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर मी तो उभं राहून घेतला असता. तिने ग्लास माझ्या हातात दिला आणि आत गेली. मला रडू आलं, आणि तिथेच, तिच्या बापाच्या घरात, मी रडलो. फौजेतल्या सव्वीस वर्षांत मी असा रडलो नव्हतो.

रविवारचा हॉल मी बंद करणार होतो. कोणत्या तोंडाने शिकवायचं? दोन महिन्यांनी एका रविवारी सुमनवहिनी दारात उभ्या दिसल्या. जिन्याची चढउतार, खाली बसून भाजी निवडणं, यांनी त्यांचेही गुडघे धरले होते.

"मले गोळी नका देऊ," त्या म्हणाल्या. "काय करा लागते ते सांगा."

मी त्यांना खुर्ची दिली. पाय सरळ, टाच पुढे, दहा मोजा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. भाजी टेबलावर निवडा. सूज असेल त्या दिवशी विश्रांती, नसेल त्या दिवशी चालणं. दुखणं पंधरा दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टर. गोळी डॉक्टरने लिहिली तर, लिहिली तेवढे दिवस. पोटात जळजळ, काळा शौच, चक्कर, यातलं काहीही झालं तर त्याच तासाला दवाखाना, मग घरात लग्न असो नाहीतर बारसं. आता हॉलमध्ये नवीन कोणी आलं की मी आधी विचारतो, गोळी कोणती आणि किती वर्षांपासून. लोक लपवतात. मी वाट पाहतो, आणि मग त्यांना वामनचं सांगतो. सांगताना माझं नाव गाळत नाही.

पलटणीच्या स्थापना दिवसाला आम्ही रायपुरातले जुने लोक एकत्र जमतो. कोट, मेडल, टोप्या. एक सुभेदार साहेब शहिदांची नावं वाचतात. पहिलं नाव एका शिपायाचं आहे, तो एकोणीस वर्षांचा होता. नावं संपली की दोन मिनिटं सगळे सावधानमध्ये उभे राहतात. कोणाचे गुडघे दुखत असतात, पण हलत कोणी नाही. वामनचं नाव त्या यादीत नाही आणि नियमाने येणारही नाही. तो घरी परतलेला माणूस. त्या दोन मिनिटांत मी ते मनात घेतो. नायब सुभेदार वामन ढोमणे, चार्ली कंपनी, गुढियारी, रायपूर. त्याने चौदा वर्षं जे जे मागितलं ते मी आणून दिलं. खुर्चीवर बस वामन, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही.